मुलासाठी दोन अक्षरी नाव सुचवा (घरात तेलुगू, माहेरी मराठी, शेजारी कन्नड)

पूर्वभागची_सून:
नमस्कार मंडळी, आठ दिवसांपूर्वी मुलगा झाला, आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. बारसं चार दिवसांवर आलंय आणि नावाचा पत्ता नाही. माझं माहेर जुळे सोलापूरचं, मराठी. सासर पूर्व भागातलं पद्मशाली, घरात सगळे तेलुगूच बोलतात (गंमत म्हणजे बारशाला तेही बारसालाच म्हणतात), भिंतीला भिंत लागून कन्नड काकू, आणि नवऱ्याचं दोन वर्षांत नेदरलँड्सला जायचं घाटतंय. त्याचं स्वतःचं नाव भलं लांबलचक, ऑफिसातले तिकडचे लोक पहिली दोनच अक्षरं घेतात, म्हणून त्याने हट्ट धरलाय की पोराचं नाव दोन, फार तर तीन अक्षरी हवं, कुठल्याही देशाचं चालेल पण सगळ्यांच्या तोंडात बसलं पाहिजे.

आत्ताची यादी: नील, कै, अरी, रेन, लिओ. मला नील आवडलं होतं, आयर्लंड-स्कॉटलंडकडेही चालतं आणि आपल्या रामायणात सेतू बांधणारे नल-नील आहेतच. पण आजेसासूबाईंना शेवटी उ लावल्याशिवाय चैन पडत नाही, बसचं बस्सु, कारचं कारु. काल त्यांनी पाळण्याकडे बघून दोनदा नीलु नीलु म्हटलं आणि आतून नणंद तांब्याभर पाणी घेऊन आली. तेलुगूत पाण्याला नीळ्ळु म्हणतात ना! सगळे हसले, मी सोडून.

शेंगाचटणी:
अभिनंदन!! बाकीचं नंतर बघू, आधी ते कै खोडा बघू. हवाई बेटांवर असेल त्याचा अर्थ समुद्र, पण आमंत्रणाच्या मेसेजमध्ये काय लिहिणार, चि. कै? आपल्याकडे कै. म्हटलं की पुढे कैलासवासी माणसाचं नाव येतं ओ. अर्धे लोक झबलं-टोपडं घेऊन येतील, अर्धे पांढरे कपडे घालून. शिवाय तुमच्या काकूंना कन्नडमध्ये कै म्हणजे हात, आजेसासूबाईंना काय म्हणजे कच्चं फळ, आणि आपल्या सोलापुरात रस्त्यावर कुणीही कुणालाही "काय बे" म्हणून ओरडलं की तुमचं पोरगं वळून बघणार.

रिटायर्ड_मास्तर:
ताई, अरी पण नको. हिब्रूत सिंह, आइसलँडकडे गरुड, इथपर्यंत झकास आहे, पण संस्कृतात अरि म्हणजे शत्रू. मुरारी म्हणजे मुर राक्षसाचा शत्रू, तिथे पुढे मुर आहे म्हणून ते देवाचं नाव होतं, मुर काढला की नुसता शत्रूच उरतो. रेन हे जपानी, अर्थ कमळ, अर्थाला तोड नाही. पण आमच्या सोलापुरात रेन म्हटलं की लोक पुढे "कधी येणार" एवढंच विचारतील. लिओ लॅटिनमधला सिंह, वाईट काही नाही, पण माझ्या ओळखीत त्या नावाचे दोन आहेत आणि दोन्ही कुत्रे आहेत.

दोन्हीकडे खरोखर चालणारं म्हणाल तर मिलन बघा. सर्बिया, चेक वगैरे स्लाव्ह देशांत ते मुलाचंच नाव, अर्थ प्रिय, लाडका. नेदरलँड्समध्येही ठेवतात. किरणही बघा, आयर्लंडमध्ये तसंच नाव आहे, फक्त तिकडे अर्थ सावळा आणि आपल्याकडे उजेड, त्यामुळे पोरगं कुठल्याही रंगाचं निघालं तरी अडचण नाही.

होटगी_रोडवाला:
चार दिवसांत कशाला जीव टांगणीला लावताय. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला लागते ती दवाखाना करतो, नाव नंतर घालता येतं. नोंदीपासून १२ महिने फुकट, त्यानंतर लेट फी भरून. पण एकदा घातलेलं बदलायचं म्हणजे डोक्याला ताप. आम्ही घाई केली, घरात एक स्पेलिंग ठरलं, दाखल्यावर दुसरंच आलं, चार चकरा आणि अॅफिडेव्हिट. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट सगळीकडे हा दाखलाच लागणार.

अजून एक, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. म्हणजे तुम्ही पोराचं नाव दोन अक्षरी ठेवा नाहीतर एक, पुढे तुमचं आणि साहेबांचं ते लांबलचक येणारच, डब्यांची मालगाडी.

कडक_भाकरी:
आमच्याकडे ऑलरेडी एक नील आहे, गल्लीत नील्या. ओमचा ओम्या, देवचा देव्या होतो, आणि जय ठेवाल तर जया होऊन बसतो, म्हणजे थेट मुलगीच. छोट्या नावाला लोक शेपूट लावतातच, त्यामुळे नुसतं नाव बघू नका, शेपटासकट म्हणून बघा.

पूर्वभागची_सून:
कै बद्दल सगळ्यांचे आभार, नवऱ्याने वाचलं आणि गपचूप खोडलं. काल रात्री मिलन जिन्यातून मोठ्याने हाक मारून बघितलं. आजेसासूबाईंनी मिलनु केलं, पाणी आलं नाही. काकू मिलना म्हणाल्या, तेही गोड वाटलं. माझा भाऊ फोनवर मिल्या म्हणून मोकळा झाला, चालेल. अडलंय ते सासऱ्यांवर, त्यांचं म्हणणं स्टँडजवळच्या लॉजचं नाव वाटतं. आता ते ऐकल्यापासून मलाही पाटीच दिसतेय. 😭

तरी सध्या मिलन पहिलं, किरण दुसरं, दाखल्यावर नावाचा रकाना कोराच ठेवतोय. पण खरी भीती वेगळीच. कानात कुर्रर्र करून नाव सांगणार आत्या, म्हणजे तीच तांब्यावाली नणंद, आणि तिला साई हवंय. वर्गात निम्मे साई असतात, मराठीत साय दुधावर येते, सगळं सांगून झालं. ती म्हणते वहिनी, आधी साडी दाखवा, मग बघू कानात काय सांगायचं ते.