मदत हवी आहे: बोटीच्या काचांवरचे पांढरे डाग

मंडळी, मालवणातल्या प्रवासी बोटीचा प्रश्न आहे. समोरच्या दोन काचा टफन ग्लासच्या (तापवून मजबूत केलेली काच), बाजूच्या खिडक्या ॲक्रेलिकच्या (पारदर्शक प्लॅस्टिक).

नुसतं मीठ असतं तर गोड्या पाण्यानेच विरघळलं असतं, ते आधी भरपूर पाणी ओतून काढलंय (कोरडं पुसलं की मिठात अडकलेली रेती काचेवर ओरखडे पाडते). मागे राहिलेत ते बोअरच्या जड पाण्याचे क्षार. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, त्यात भिजवलेलं सुती फडकं १० मिनिटं काचेला चिकटवून ठेवायचं, मग धुवायचं, असं केलं. बरेचसे डाग गेले. रबर आणि ॲल्युमिनियमच्या चौकटीला मात्र व्हिनेगरचं ॲसिड लागू देऊ नका, चौकट काळवंडते.

आता अडलंय ते इथे. काचेवर वायपरच्या खाली गोल कडी उरलीत. ओल्या काचेवर दिसत नाहीत, वाळली की हजर! नखाला खरखर लागत नाही, व्हिनेगरचा थेंब फेसाळत नाही. म्हणजे थर नाही, काचच खाल्ली गेली असावी. सेरियम ऑक्साइडने (काच घासून चमकवायची बारीक पूड) पॉलिश करायचं तर मशीनचा फेल्ट पॅड (दाबलेल्या लोकरीची चकती) किती वेगाने फिरवायचा? टफन काच तापून तडकायची भीती वाटते. आणि एकाच जागी जास्त घासलं तर समोरचं वेडंवाकडं दिसेल, सुकाणूवाल्याला ते चालायचं नाही.

ॲक्रेलिकला अमोनियावाला काचक्लीनर, थिनर बाद, बारीक तडे जातात. तिथे धुरकटपणा घालवायला कोणत्या नंबरच्या पॉलिशपेपरपासून सुरुवात करावी, ८०० की थेट १५००?