जुन्या मोटारीची चाके रंगवण्यासाठी घरगुती फिरता स्टँड: मोटर लावावी की हाताने फिरवावा?

नमस्कार. माझ्या १९३८ सालच्या मोटारीची स्टेपनीसह पाचही चाके रंगवायची असून त्यासाठी फिरता स्टँड तयार करत आहे. चाके १६ इंची, दाबीव पोलादी पत्र्याची आहेत. वाळूच्या माऱ्याने गंज काढून त्यांना इपॉक्सी प्रायमर मारून झाला आहे. वर गडद हिरवा सिंथेटिक इनॅमल आणि त्यावर साधारण ३ मिमी रुंदीची मलईरंगी गोल रेघ असा बेत आहे. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग मी मुद्दाम टाळला आहे, कारण त्यातील आयसोसायनेट या श्वासाला घातक रसायनासाठी बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो आणि तो माझ्याकडे नाही.

स्टेपनी प्रथम तारेने टांगून रंगवली. दर्शनी बाजू चांगली झाली, पण रिमच्या मधल्या खोलगट पन्हळीतला रंग सावकाश खाली सरकत गेला आणि अर्ध्या तासात तळाशी जाड ओघळ जमला. दुसऱ्या दिवशीही त्यात नख रुतत होते. तो सगळा भाग घोटून पुन्हा प्रायमरपर्यंत आणावा लागला. रंग बसेपर्यंत चाक फिरते राहिले पाहिजे, हे तेव्हा पटले.

म्हणून लोखंडी अँगलची चौकट करून तिच्यावर भंगारातला पुढच्या चाकाचा हब (ज्यावर चाक नटांनी आवळतात तो फिरता भाग) त्याच्या बेअरिंगांसह आडवा बसवला आहे. आट्यांची सळई आणि दोन शंकू वापरून चाक मधल्या भोकात धरणे सोपे होते. परंतु माझ्या चाकांचे केंद्र मधल्या भोकावर नव्हे, तर चाक आवळणाऱ्या नटांच्या शंकूसारख्या टोकांवर ठरते, मधले भोक हबपेक्षा मोठे आहे, त्यामुळे सळईवर चाक किंचित एका बाजूला बसते आणि रेघ कडेपासून कुठे जवळ, कुठे लांब जाते. हबवर चाक आवळून, कडेजवळ पेन्सिल घट्ट बांधून फिरवून पाहिले, तेव्हा फट सगळीकडे जवळजवळ सारखी राहिली. शिवाय नटांच्या बैठकीवर रंग चढत नाही, हा मोठा लाभ आहे; तिथे जाड थर राहिला तर तो दाबाखाली चेपतो आणि गाडी चालू लागल्यावर नट ढिले होतात. हबला टेकणारी मागची बाजूही मी याच कारणासाठी रंगवणार नाही.

अडचण फिरवण्याची आहे. माझ्याकडे १२ व्होल्टची वायपर मोटर आहे, पण ती कमी वेगावरही मिनिटाला सुमारे ४५ फेरे घेते. रिमची त्रिज्या २० सेंमी धरली, तर त्या वेगाला कडेवरील ओल्या रंगावर बाहेरच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास ४५ टक्के ओढ येते, म्हणजे ओघळ खाली न जाता बाहेर जातील, इतकाच फरक. सायकलच्या ४८ आणि १६ दात्यांच्या चकत्या दोन टप्प्यांत जोडल्या, तर वेग नवव्या हिश्श्यावर, म्हणजे मिनिटाला ५ फेऱ्यांवर येतो आणि ही ओढ अर्ध्या टक्क्याच्या आसपास उरते. दुसरी काळजी ठिणग्यांची आहे. या मोटरीचे कार्बन ब्रश ठिणग्या टाकतात आणि फवारणीच्या वेळी थिनरची वाफ भरलेली असते, म्हणून मोटर फळीच्या भिंतीपलीकडे ठेवून लांब दांडा आत आणण्याचा विचार आहे. हाताने फिरवायचे म्हटले, तर स्प्रे गन धरायला एकच हात राहतो.

ज्यांनी असा स्टँड वापरला आहे, त्यांनी कृपया सांगावे: मिनिटाला ५ फेरे पन्हळीतला इनॅमल सावरायला पुरेसे आहेत का, आणि फवारणीनंतर चाक किती वेळ फिरते ठेवावे? दर्शनी बाजू मारताना आस आडवाच ठेवावा, की चौकटीला बिजागरी लावून तो वर कलता करण्याची सोय करावी? नट काढताना त्यांच्याभोवतीच्या रंगाची कड उखडू नये म्हणून रंग ओला असतानाच ते सैल करावेत, की वाळल्यावर कडेने पातळ पात्याने रंग कापून मगच काढावेत? रेघेसाठी मात्र मोटर सोडवून, ब्रशचा हात आडव्या पट्टीवर टेकवून, चाक दुसऱ्या हाताने फिरवणार आहे. त्यात काही धोका दिसत असल्यास तोही कळवावा.