मदत हवी आहे: गुरुवारी जेवण आहे, काड्या धरता येत नाहीत

चाकणवाला
मंडळी, घाईत आहे. गुरुवारी सप्लायरने जेवण ठेवलंय, टाळता येणार नाही. चॉपस्टिक अजिबात जमत नाहीत. दोन दिवस शेंगदाणे उचलतोय. बारातला एक वाटीत जातो, बाकी सोफ्याखाली. काटा मागितला तर वाईट दिसेल का? आणखी काय सांभाळायचं? लवकर सांगा, बॅग भरायची आहे.

मेतकूट
भातात काड्या उभ्या खोचू नका, मयतापुढे तसा भात ठेवतात. आणि काडीतून काडीत घास द्यायचा नाही, दहनानंतर अस्थी तशा देतात-घेतात. योकोहामाला असताना मी वांग्याचा तुकडा असा एकीपुढे धरला होता. तिने मुकाट्याने बशी पुढे सरकवली. पिंडाचा भात पानात वाढल्यासारखं झालं, हे मला नंतर कळलं. जेवणाआधी 'इतादाकिमास' म्हणा.

चाकणवाला
जपान नाही हो, चीन. सुझौ. लिहिलं नव्हतं का?

रस्सेदार
नव्हतं लिहिलं. मग ते इतादाकिमास इथेच ठेवून जा. काटा नसला तरी चमचा मिळतोच, खुशाल मागा. काड्यांचं म्हणाल तर खालची काडी अनामिकेवर टेकवून ठेवायची, ती हलता कामा नये. हलते ती फक्त वरची. तुम्ही दोन्ही हलवत असणार, म्हणून सोफ्याखाली.

मेतकूट
पण भाताचं चीनलाही लागू आहे बरं का. तिथे उदबत्त्या खोचल्यासारखं दिसतं.

घाटवळण
चीनमध्ये व्हॉट्सॲप चालत नाही. भारतातल्या सिमचं रोमिंग घ्या, मग चालतं.

चाकणवाला
धन्यवाद, पण मी जेवणाचं विचारलंय.

रस्सेदार
किती जण आहात? मुख्य पाहुणे तुम्हीच का? टेबल गोल असेल, मध्ये फिरती काच. दाराकडे तोंड केलेली जागा मानाची, तेव्हा बसवतील तिथेच बसा. कुणी वाढून घेत असेल तर काच फिरवू नका. सुझौ म्हणजे गोड-आंबट सॉसमधला अख्खा मासा येणारच, तिथली खासियत आहे. माशाचं डोकं मुख्य पाहुण्याकडे करतात आणि पहिला घास त्याने घ्यायचा. एक बाजू संपली की मासा उलटायचा नाही, होडी उलटते म्हणतात.

चाकणवाला
आठ जण. मुख्य पाहुणा मीच. पण मी माळकरी आहे. मासा नाही, अंडं नाही, कांदा-लसूणही नाही. दारू तर नाहीच. हे आधी सांगायला हवं होतं का?

रस्सेदार
सांगायला हवं होतं का म्हणे! अहो, अख्खा प्रश्नच बदलला.

शिदोरी
दशम्या न्या, चार दिवस टिकतात. शेंगदाण्याची चटणी न्या. मेथीचे ठेपलेही चालतील.

मेतकूट
मेजवानीत डबा उघडणार का ते? काहीतरीच. जपानमध्ये तर भाजीच्या सूपमध्येही सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, मी...

रस्सेदार
ताई, जपान पुन्हा आलं.

दक्षिणवारा
घाबरू नका. 'वो छ्र सू', मी शाकाहारी, एवढं पुरेसं नाही. आचारी वर खिमा भुरभुरवून आणतो. बौद्ध लोक जेवतात तसं हवं, असं सप्लायरला आजच कळवा. त्यांच्या मठातल्या स्वयंपाकात कांदा-लसूणही वर्ज्य, त्यामुळे लगेच समजतं. टोफू, कमळकाकडी, अळंबी मिळेल. दारूचं धर्माचं कारण सांगा आणि चहाचा पेला उचला. मात्र पेल्याला पेला भिडवताना वडीलधाऱ्याच्या पेल्यापेक्षा आपला खाली धरा. चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर हलकं टकटक करा, ते धन्यवाद.

मेतकूट
आणि चिअर्ससारखं कानपाइ म्हणून एक घोट घ्या.

दक्षिणवारा
तिकडे 'गानबेइ'. अक्षरं तीच, पण ऐकलं की पेला रिकामा करायचा. बाइज्यू, म्हणजे तिथली कडक दारू, साधारण ४० ते ६० टक्क्यांची असते. चहाच बरा.

पानसुपारी
शेवटी पानात थोडं टाका, नाहीतर यजमानाला कमी पडलं असं वाटतं.

दक्षिणवारा
ते जुनं झालं. २०२१ मध्ये अन्नाच्या नासाडीविरुद्ध तिथे कायदाच झाला.

पानसुपारी
तो मुख्यतः हॉटेलांसाठी आहे. माझ्या सासऱ्यांनी...

चाकणवाला
पानात टाकणं मला जमणार नाही, लहानपणी आजीचा मार खाल्लाय. सप्लायरला मेल टाकतो.

चाकणवाला (शुक्रवार)
झालं जेवण. मासा आला, डोकं माझ्याकडे. मी हात जोडले, यजमान हसले आणि काच फिरवून पहिला घास त्यांनीच घेतला. माझ्यापुढे कमळकाकडी आणि टोफू. चमचा न मागताच ठेवला होता. मेल पोचला म्हणायचा. बोटांची टकटक केली तर शेजारचे म्हणाले, ग्वांगचौला कधी होतात? ती तिकडची, दक्षिणेकडची पद्धत म्हणे. पेला मात्र दर वेळी भरत राहिले, अकरा वेळा मोजला. झोप नाही.

शिदोरी
दशम्या नेल्या होत्या का?