मदत हवी आहे: ठसा लांडग्याचा की कुत्र्याचा? उद्या रात्रीपर्यंत हवंय

माळभटकी (शनिवार, रात्री ९:४०)
हिवाळी शिबिरात आहे. विषय लांडगे आणि माग काढणं. उद्या रात्री प्रत्येकाने एक ठसा मांडायचा आणि तो कोणाचा, कशावरून, हे पटवून द्यायचं. मला आज एक सुरेख ठसा मिळाला. चार बोटं, नखं अगदी स्पष्ट, लांबी साडेनऊ सेंमी. माझ्या मते लांडगाच. गटातले दोघं कुत्रं म्हणून अडून बसलेत. सरांना विचारलं तर म्हणतात, तूच शोध. फोटो टाकलाय. कृपया नक्की काय ते सांगा, वेळ नाहीये.

रानबखर (रात्री ९:५२)
फोटोत मोजपट्टी नाही. पुढचा पाय की मागचा? एकच ठसा की रांग? जमीन कसली? जवळ वस्ती किंवा मेंढरांचा वाडा? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगणार कसं?

माळभटकी (रात्री ९:५८)
एकच ठसा. मोजपट्टी ठेवायची राहिली, नंतर टेपने मोजला. जमीन म्हणजे माळ, आणखी काय. नखं दिसतायत म्हणजे बिबट्या नाही, एवढं मला कळतं.

बोझमनकर (रात्री १०:१५)
मी अमेरिकेत मोंटानात राहतो, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान इथून जवळ. मागच्या हिवाळ्यात तिथल्या लमार खोऱ्यात असाच अभ्यासवर्ग केला. १९९५ मध्ये कॅनडातून १४ आणि १९९६ मध्ये १७ लांडगे आणून तिथे सोडले होते, आज दिसतात ते बहुतेक त्यांचे वंशज. बर्फात माग काढण्यासारखं सुख नाही. कळप एकामागे एक चालतो, मागचा पुढच्याच्याच पावलात पाय टाकतो. सहा जण गेले तरी एकच गेल्यासारखं वाटतं. वाट वळते किंवा ते थांबतात, तिथे ठसे फुटतात आणि मगच आकडा कळतो. इकडे यायचं असेल तर फेब्रुवारी उत्तम. उत्तरेकडचा रस्ता हिवाळाभर गाड्यांना उघडा असतो. कपडे मात्र थरांचे हवेत, सुती अजिबात नको.

माळभटकी (रात्री १०:१९)
दादा, मी पुणे जिल्ह्यात आहे. बर्फ नाही, धूळ आहे.

अण्णा_सातारा (रात्री १०:४१)
वनखात्यात ३१ वर्षं काढली. वाघाच्या गणनेला आम्ही ठशावर काच धरून वर पेनाने रेघ ओढायचो, नंतर ती कागदावर उतरवायची. त्याच पद्धतीवर विसंबून राहिल्याने राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात वाघ संपले तरी कागदावर ते होतेच, हे २००५ मध्ये उघड झालं. त्यानंतर कॅमेरे आले. सांगायचा मुद्दा, एका ठशावरून जनावर ठरवू नये. वाघासारखा ठसठशीत ठसा फसवतो, मग कुत्रा आणि लांडगा तर सख्खे.
साचा घ्यायचा असेल तर प्लास्टर दह्याइतकं घट्ट कालवा. ठशाभोवती पुठ्ठ्याची कडी लावा, प्लास्टर बाजूने हळूच सोडा आणि अर्धा तास हात लावू नका.

कॅमेरावाला (रात्री १०:५५)
एवढा वाद कशाला? जानेवारी आहे, पिल्लं बिळात असणार. पहाटे ताजा माग उलटा काढत जा, सरळ बिळावर पोचाल. मादी दिसली की ठसा कोणाचा ते आपोआप सिद्ध. ३०० ची लेन्स पुरते.

रानबखर (रात्री ११:०२)
हे अजिबात करू नका. आपल्याकडे लांडग्यांची पिल्लं याच दिवसांत जन्मतात. माणूस बिळाशी घुटमळला तर मादी पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते. थंडीत उघड्या माळावर, भोवती गावकुत्री फिरत असताना, त्यात एखादं पिल्लू हमखास जातं. सगळ्या देशात भारतीय लांडगे तीन हजारांच्या आसपास उरलेत. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी आहे. एका फोटोसाठी बीळ धुंडाळायचं नाही.
आणि माळभटकी, फोटोखाली गावाचं नाव लिहिलंय ते आधी काढा.

कॅमेरावाला (रात्री ११:०९)
मी लांबून फोटो काढायला सांगतोय, बिळात हात घालायला नाही. वनखातं स्वतः माळरान सफारी चालवतं, कडबनवाडीला, शिर्सुफळला. तेव्हा कुणाला त्रास होत नाही?

रानबखर (रात्री ११:१३)
सफारी ठरलेल्या वाटेवर असते, बिळावर नाही. फरक मोठा आहे.

माळभटकी (रात्री ११:१६)
गावाचं नाव काढलं. चूक झाली, लक्षातच आलं नाही. बिळाकडे कुणी जाणार नाही, शिबिरातही तसा नियम आहे. पण माझा ठसा?

पशुवैद्य_बारामती (रात्री ११:३०)
नुसतं लांडगा की कुत्रा एवढंच विचारून भागत नाही. पुणे जिल्ह्यात लांडगा-कुत्रा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालंय. संकराचा ठसा तुम्ही कशात धरणार? गावकुत्र्यांचं लसीकरण आणि नसबंदी हा लांडगा वाचवण्यातला पहिला मुद्दा आहे. कुत्र्यांचा डिस्टेंपर आणि रेबीज दोन्ही लांडग्याला होतात. विष्ठा दिसली तर उघड्या हाताने उचलू नका, तिच्यात फीतकृमीची अंडी असू शकतात.

मेंढका (रात्री ११:४८)
ताई, आमचा वाडा त्याच पट्ट्यात असतो. दिवाळीनंतर आमच्यातले बरेच वाडे कोकणात उतरतात, आम्ही काही घरं मागं राहतो. फोटो बघितला. हा ठसा वाळल्या गाऱ्यातला हाय. पाण्याच्या काठाचा का?

माळभटकी (रात्री ११:५५)
हो, पाझर तलावाच्या काठचा. त्याने काय फरक पडतो?

मेंढका (रविवार, रात्री १२:०४)
लई फरक पडतो. ओल्या गाऱ्यात पाय रुततो, बोटं फाकतात, आमच्या वाड्यावरचं कुत्रंबी लांडग्यायेवढं दिसतं. वाळल्यावर तो ठसा तसाच राहतो. कालचा हाय का महिन्यामागचा, कोण सांगणार? आन त्या काठाला सगळीच पाणी प्यायला येतात, आमची कुत्रीबी. लांडगा बघायचा तर सकाळी गाडीवाटंवर बघा, फुफाट्यात. एक पाऊल बघू नका, चाल बघा. कुत्रं वासामागं भरकटतं, हिकडं थांब, तिकडं मूत, झुडपाला वळसा घाल. लांडगा कामाला निघाल्यासारखा जातो, वाट सोडत नाही.

रानबखर (रात्री १२:१०)
मेंढका यांनी नेमकं सांगितलं. त्यात एवढीच भर: सूर्य उगवल्यावर तासाभरात जा. उन्हाचा तिरपा झोत असतो तोवर ठशाच्या कडांना सावली पडते, दहा वाजता तोच ठसा सपाट दिसतो. निदान दहा ठसे मोजा. पुढच्या पायाचा ठसा मागच्यापेक्षा मोठा असतो, म्हणून दोन्ही वेगळे लिहा. शेजारी चपलेचे माग आहेत का, तेही बघा. माणसाबरोबर चालणारं जनावर बहुधा कुत्रंच.

विदुला_ठाणे (सकाळी ७:२०)
उत्तर प्रदेशात बहराइचला २०२४ मध्ये लांडग्यांनी लहान मुलं मारली ना? शिबिरात मुलींना पहाटे माळावर सोडतात? मला तर वाचूनच काळजी वाटली.

अण्णा_सातारा (सकाळी ८:०५)
विदुलाताई, बहराइचचं खरं आहे आणि फार वाईट झालं. पण आपल्या माळावर लांडगा माणसाच्या सावलीपासूनही दूर पळतो. सेवेत असताना मी जेवढे पाहिले ते सगळे पाठमोरे. गटाने गेलं की झालं.

माळभटकी (संध्याकाळी ६:१०)
सविस्तर लिहिते, कारण काल मी फारच घाईत विचारलं होतं.
सकाळी सव्वासातला चौघं गाडीवाटेवर गेलो. वरच्या धुळीवर दव पडून पातळ पापुद्रा धरला होता आणि ठसे तो पापुद्रा फोडून खाली गेले होते. म्हणजे दव पडल्यानंतरचे, पहाटेचे. कडा इतक्या ताज्या की फुंकर मारली असती तर ढासळल्या असत्या. चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावरून एकच रांग जवळजवळ ६० मीटर सरळ गेलेली. कुठे वळसा नाही, थांबणं नाही. चपलेचा एकही माग नाही.
मग एक गोष्ट खटकली. काही ठसे दहा सेंमी लांब, काही आठ. लांब ठशाकडे गुडघे टेकून नीट पाहिलं, तर तळव्याच्या मागच्या कडेपाशी आणखी एक बारीक कडा होती. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशात पडला होता, फक्त बोटभर मागे. दोन ठसे मिळून एक लांब ठसा दिसत होता. माझा कालचा साडेनऊचा पुरावा तिथेच संपला, तो चिखलाने फुगलेला किंवा असाच जोडठसा असणार.
बोझमनकर, तुमचं बर्फाचं इथे कामी आलं. वाट बांधाकडे वळते तिथे रांग फुटली आणि दोन जनावरांचे ठसे वेगळे झाले, एक थोडं लहान. वळणापर्यंत आम्ही एकच समजत होतो. पलीकडे दगडावर विष्ठा होती, केसांनी भरलेली. फोटो काढला, हात लावला नाही. माग पुढे ओढ्यात उतरत होता, आम्ही तिथूनच परतलो.
मांडणीत असं म्हणणार आहे: चालीवरून लांडग्यांची जोडी असण्याची शक्यता बरीच, संकर नाकारता येत नाही, आणि कालचा ठसा पुरावा म्हणून बाद. सर 'नक्की कोण' विचारतील तर एवढंच सांगेन.

पशुवैद्य_बारामती (संध्याकाळी ६:३१)
उत्तम. ती विष्ठा ताजी असेल तर जनुकीय तपासणीला उपयोगी पडेल, मार्गदर्शकांना दाखवा. गोळा करायची ती वनखात्याच्या परवानगीनेच.

कॅमेरावाला (संध्याकाळी ६:४०)
पुढच्या खेपेला कॅमेरा जमिनीलगत ठेवून तिरका फोटो घ्या, जोडठशाची ती कडा छान उठेल. एक वरून, एक तिरका, दोन्हीत मोजपट्टी. बिळाचं बोललो ते मागे घेतो.

मेंढका (संध्याकाळी ७:०२)
ताई, ओढ्यात उतरून माग कुठल्या अंगाला गेला? वरच्या का खालच्या? गावाचं नाव हितं लिहू नका. खालच्या अंगाला माझ्या चुलत्याचा वाडा बसलाय, नुकती व्यालेली मेंढरं हायत.

माळभटकी (संध्याकाळी ७:०५)
व्यक्तिगत निरोपात लिहिलंय, बघा.

मेंढका (संध्याकाळी ७:१९)
बघितलं. चुलत्याला फोन केला. कोकरं आज वाघरीत, म्हंजी जाळीच्या कुंपणात, मधोमध घेत्यात आन दोघं जण शेकोटीला जागी बसत्यात.