मदत हवी आहे: वानवडीची शिंदे छत्री, बाबांचे गुडघे आणि मुंबईहून एकच दिवस

नमस्कार मंडळी,

आम्ही भांडुपला राहतो. बाबा ७४ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. गेले सहा महिने घरात एकच धोशा चाललाय, "मला एकदा महादजींच्या छत्रीला ने." (छत्री म्हणजे मराठा सरदार महादजी शिंद्यांचं पुण्यातलं समाधीस्थान.) मागे सहलीच्या बसने गेले होते पुण्याला. कार्यक्रमपत्रिकेत छत्रीचं नाव छापलेलं, पण उशीर झाला म्हणून बस दुसरीकडेच वळली आणि माईकवरून सांगितलं, "छत्री त्या बाजूला राहिली." तेव्हापासून आमच्याकडे भाजीत मीठ कमी पडलं तरी "मीठ त्या बाजूला राहिलं" म्हणतात.

तर आता न्यायचंय. मी एकदा "राजाची समाधी" म्हणालो तर शिकवणीच लागली. राजा नाही, पाटील! दिल्लीच्या बादशहाने १७८४ मध्ये वकील-इ-मुतलक, म्हणजे आपला मुख्य कारभारी, केलं तरी माणूस स्वतःला पाटीलच म्हणवून घेत होता. १२ फेब्रुवारी १७९४ ला वानवडीच्या छावणीत गेले, तिथेच दहन झालं, त्या जागेवर ही छत्री. शंकराचं देऊळ महादजींनी स्वतः बांधलेलं, आणि रंगीत काचांच्या खिडक्यांचा दिवाणखान्यासारखा सभामंडप ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९१३ च्या सुमाराला उभारलेला. एवढं बाबांना पाठ आहे. मला पाठ नाही ते खाली विचारतोय.

बाबांचा उजवा गुडघा गेलाय. जिना उतरताना दर पायरीला थांबतात. तिथे चढण किती? मध्ये टेकायला काही मिळतं का? (यावर त्यांचं उत्तर तयार आहे: पानिपतात महादजींच्या पायावर घाव बसला, राणेखान भिश्त्याने (पखालीतून पाणी वाहणाऱ्याने) बैलावर घालून वाचवलं, जन्मभर लंगडत राहिले आणि तरी दिल्ली घेतली. मी म्हटलं, बाबा, आपल्याला फक्त वानवडी घ्यायचीय.)

दुसरं, आवारात छत्री उघडू देत नाहीत, तो महादजींचा अपमान समजतात, असं कानावर आलंय. आम्ही ऑगस्टमध्ये जाणार. पाऊस आला तर काय करायचं?

तिसरा खरा पेच. बाबांना त्याच दिवशी वडगाव मावळही हवंय. इंग्रजांच्या कंपनीची फौज पेशवेपद हवं असलेल्या राघोबादादांना घेऊन मुंबईहून घाट चढली, रसद तुटली, तळेगावाहून मागे फिरली आणि मराठ्यांनी, त्यात महादजीही, तिला वडगावला कोंडलं, जानेवारी १७७९. त्या तहात इंग्रजांनी साष्टी (भांडुप-ठाण्याकडचं बेट) परत द्यायचं कबूल केलं होतं. पुढे कंपनीच्या मुंबईच्या आणि कलकत्त्याच्या साहेबांनी तह मानलाच नाही. "म्हणजे आपलं भांडुप तेव्हा मराठ्यांना परत मिळायचं होतं," हे बाबा पाहुण्यांना चहाआधी सांगतात. दोन्ही ठिकाणं एका दिवसात जमतील का? गाडी नाही आमच्याकडे.

घाटवाला: ठाण्याहून सकाळची इंटरसिटी पकडा, परतीलाही तीच. आरक्षण आधीच करा, उभ्याने घाट चढवू नका त्यांना. पुणे स्टेशनवरून रिक्षा करा, "वानवडी, शिंदे छत्री" म्हटलं की पुरे. वडगावला इंटरसिटी थांबत नाही. लोणावळ्याला उतरून लोकल धरावी लागते आणि दुपारच्या लोकल विरळ. त्या गुडघ्याला फलाट बदलायला लावू नका. वडगाव वेगळ्या दिवशी.

पेठेतली: गडासारखी चढण अजिबात नाही, आवार सपाट आहे. पायऱ्या थोड्या. पण देवळात जाताना चपला काढायच्या, आणि पावसात त्या दगडावर अनवाणी पाय सटकतो. माझी सासू तिथेच माझ्या दंडाला लोंबकळली होती. बाबांचा हात धरा, त्यांनी झटकला तरी. आत फोटो काढू देत नाहीत, भिंतींवर शिंदे घराण्यातल्या मंडळींच्या तसबिरी आहेत त्या निवांत बघा. महादजींच्या समाधीवरची चांदीची प्रतिमा विसरू नका, शंकराला नमस्कार करून घाईत निघणारे तिला चुकवतात. छत्रीचं म्हणाल तर आम्हालाही मिटायला सांगितली होती. मिटली, भिजलो.

मावळा_नाही_मावळचा: घाटवाल्यांशी असहमत. चौघे जमवून भाड्याची गाडी करा, जुन्या हायवेने जा. वडगाव वाटेतच आहे. विजयस्तंभ आणि महादजींचा पुतळा बघून अकरापर्यंत पुढे निघाल. साष्टीचा माणूस वडगावला न थांबता पुण्याला गेला तर ते बरं दिसत नाही.

घाटवाला: पावसाळी रविवारी लोणावळ्यापाशी गाडी अडकली की तुमची साष्टी तिथेच.

मूळ धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. काका-काकूंना विचारलं, चौघे जमले. तेव्हा गाडी, पण रविवारी नाही, मंगळवारी, पहाटे साडेपाचला निघून. वडगावला बाबा खाली उतरतील, लांब चालणार नाहीत, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. (तह आहे, पाळतील असं नाही.) छत्रीचा प्रश्नही सुटला. काल बाबांनी माळ्यावरून त्यांचा शाळेच्या नोकरीतला खाकी रेनकोट काढायला लावला. एक बाही उंदराने खाल्लीय. आई आता तिला ठिगळ लावतेय.