आयएनए२२६ चिप १२ व्होल्टच्या जागी ४१ व्होल्ट दाखवते

प्रश्न: लिनक्सच्या एचडब्ल्यूमॉन (हार्डवेअरचे व्होल्टेज, तापमान वगैरे दाखवणाऱ्या) उपप्रणालीसाठी मी आयएनए२२६ या व्होल्टेज मोजणाऱ्या चिपचा ड्रायव्हर लिहीत आहे. मल्टिमीटरवर १२ व्होल्ट दिसत असताना ड्रायव्हर मात्र ४१००६ मिलिव्होल्ट दाखवतो. बस-व्होल्टेजच्या रजिस्टरमधून, म्हणजे मोजलेले व्होल्टेज चिप जिथे साठवते त्या जागेतून, ३२८०५ हा आकडा येतो आणि मिलिव्होल्ट काढण्यासाठी त्याला मी १.२५ ने गुणतो. याचे कारण काय असावे?

उत्तर १: या रजिस्टरचा सर्वांत वरचा बिट नेहमी शून्य असतो, त्यामुळे ३२७६७ पेक्षा मोठा आकडा येणे शक्यच नाही, बाइटांचा क्रम उलटला आहे, हे त्यावरूनच कळते. चिप वरचा बाइट आधी पाठवते, तर एसएमबस (चिपशी माहितीची देवाणघेवाण करण्याच्या) पद्धतीचे वाचन पहिल्या बाइटला खालचा मानते. बाइटांची अदलाबदल करून वाचणारे फंक्शन कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) तयार आहे, तेच वापरावे. मग ९६०० मिळतील आणि त्यांचे बरोबर १२००० मिलिव्होल्ट होतील.

उत्तर २: कर्नलमध्ये दशांश अपूर्णांकांचे गणित टाळतात, म्हणून आधी १२५० ने गुणून मग १००० ने भागावे.

उत्तर ३: ही चिप हाताळणारा आयएनए२एक्सएक्स ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासूनच आहे. शिकण्यासाठी लिहीत असाल तर अवश्य लिहा, परंतु उत्पादनात तोच वापरावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.