मिर-१९२ : मधुमेही मूत्रपिंडविकारात वाढतो की घटतो?

प्रश्न :
नॉनकोडिंग आरएनएवर (ज्यापासून प्रथिन बनत नाही असा आरएनए) काम सुरू केलंय आणि मिर-१९२ या मायक्रोआरएनएपाशीच (जनुकांना दाबणारा छोटा आरएनए) अडलोय. २००७ मध्ये मधुमेही उंदरांच्या ग्लोमेरुलसमध्ये (मूत्रपिंडातला रक्त गाळणारा केशवाहिन्यांचा पुंजका) तो वाढलेला दिसला, २०१० मध्ये माणसांच्या बायोप्सीत घटलेला. मग लघवीतला आकडा कसा वाचायचा? शिवाय यू६ या संदर्भ आरएनएने नॉर्मलाइज केलं (त्याच्या तुलनेत आकडा काढला) की एकाच नमुन्याच्या दोन नळ्याही जुळत नाहीत.

प्रतिसाद १ :
मुख्य फरक पेशींचा आहे. उंदराच्या मेसँजियल पेशीत (ग्लोमेरुलसला आधार देणाऱ्या) टीजीएफ-बीटा हे संकेत देणारं प्रथिन मिर-१९२ वाढवतं. मिर-१९२ झेब२ या प्रथिनाला दाबतो. झेब२ कोलॅजेनच्या जनुकाला आवरून धरणारा, तो गेला की कोलॅजेन साचतं. माणसाच्या प्रॉक्सिमल ट्युब्यूलच्या (ग्लोमेरुलसच्या पुढची नलिका) पेशीत मात्र टीजीएफ-बीटा मिर-१९२ लाच खाली आणतं. झेब१, झेब२ मोकळे सुटतात आणि ई-कॅडहेरिन (पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं प्रथिन) घटतं. बायोप्सीच्या तुकड्यात बहुतेक ट्युब्यूलच असतात, म्हणून तिथे ही दुसरी बाजू दिसते: मिर-१९२ जितका कमी, तितका फायब्रोसिस (ऊतीत व्रण साचणं) जास्त आणि ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) कमी. सीरममधल्या आकड्यावर विसंबू नका. यकृतात आणि आतड्यातही तो भरपूर असतो, यकृताला इजा झाली तरी वाढतो.

प्रतिसाद २ :
यू६ सोडाच. तो केंद्रकातला आरएनए. लघवीत किती पेशी फुटल्या यावर त्याचा आकडा हलतो. गोठवण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये २,००० जी (गुरुत्वाच्या २,००० पट), २० मिनिटं, ४ अंशांवर फिरवून पेशी काढा, मग उणे ८० अंश. वितळल्यावर जोरात व्हॉर्टेक्स करा, नाहीतर एक्झोसोम (पेशींनी सोडलेल्या, आरएनए वाहणाऱ्या सूक्ष्म पिशव्या) गाळात अडकून फुकट जातात. पांढरट, धाग्यांसारखा गाळ दिसला तर ते युरोमॉड्युलिन या लघवीतल्या प्रथिनाचं जाळं. डीटीटी या प्रथिनांचे बंध तोडणाऱ्या रसायनाने ते सुटतं. तुमच्या दोन नळ्यांतला फरक बहुधा इथलाच.

स्पाइक-इन (तपासणीसाठी ठरावीक प्रमाणात बाहेरून घातलेला आरएनए) म्हणून सी. एलिगन्स या कृमीचा मिर-३९ लायसिस बफर (पेशी फोडणारं द्रावण) घातल्यानंतरच टाका. आधी टाकलात तर लघवीतले आरनेज (आरएनए तोडणारी एन्झाइम) त्याला खाऊन टाकतात आणि रिकव्हरी खोटी दिसते.

प्रश्नकर्ता :
स्पाइक-इन ठीक येतोय, तरी काही नमुन्यांत सीक्यू (पीसीआरमध्ये सिग्नल दिसू लागतो ते आवर्तन) उशिरा.

प्रतिसाद २ :
पीसीआर अडतोय का ते बघा. सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत) १० पट पातळ करून पुन्हा लावा. सीक्यू साधारण ३.३ ने पुढे जायला हवा. १-२ नेच सरकला तर इनहिबिटर (पीसीआर अडवणारा पदार्थ) आहे, पातळ केलेलाच आकडा घ्या. अल्ब्युमिन जास्त असलेल्या नमुन्यांवर ही चाचणी न चुकता करा. नेमके तेच रुग्ण तुम्हाला हवे आहेत.